अंजिराखालून गेलेली नळी

घर विकायचं तर आधी गटार तपासून घ्यावं लागतं, हे कळलं तेव्हा एमिल तिर्पाकला तो स्वतःचा अपमान वाटला. घर दाखवायला त्याची ना नव्हती. लोक आले, त्यांनी कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं, एका बाईने तर फ्रीज उघडून कोबी-नूडल्सचं भांडं हुंगलं. एमिलने हे सगळं हसतमुखाने सोसलं. पण आपण इतकी वर्षं न्हाणीघरात जे पाणी सोडून दिलं ते पुढे कुठून कसं गेलं, हे परक्या माणसाने येऊन बघायचं म्हणजे जरा अतीच झालं.

“कायदाच आहे तसा,” घरांची दलाली करणारी बाई फोनवर म्हणाली. “केटल हिलमध्ये घर विकायचं तर नगरपालिकेचा दाखला हवा. छपराचं पावसाचं पाणी मैल्याच्या नळीत जात नाही आणि नळी फुटलेली नाही, बस्स. अर्ध्या तासाचं काम आहे.”

अर्ध्या तासाचं काम आहे, असं सांगून सुरू झालेलं कुठलंही काम एमिलच्या आयुष्यात एका ऋतूच्या आत संपलेलं नव्हतं. तरी तो बरं म्हणाला, कारण घाई होती. घाई होती ती बर्नीच्या गुडघ्यांची.

बर्नडेट तिर्पाक, म्हणजे एमिलची बायको बर्नी, ईस्टरच्या आदल्या दिवशी दारातल्या पायऱ्यांवरून घसरली. केटल हिल हे पिट्सबर्गजवळचं टेकडीवरचं गाव. इथे रस्ता खाली असतो आणि घर वर, आणि मधल्या पायऱ्या इतक्या की पोस्टमन आधी खालूनच ओरडून विचारतो, “बिलं आहेत, आणू का?” त्या दिवसापासून बर्नी चर्चला गेली नव्हती, शुक्रवारच्या माशाच्या जेवणावळीला गेली नव्हती, आणि आपलं काही अडत नाही असं सगळ्यांना सांगत होती. मुलगी जोॲन राहायची तिथे एका इमारतीत तळमजल्यावर जागा रिकामी झाली होती. एकही पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, खिडकीतून चर्च दिसतं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत जागा राखून ठेवतो, म्हणाले. त्यानंतर यादीतल्या पुढच्या म्हातारीला. घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. एक तरुण नर्स आणि तिचा नवरा, दोघांनाही घर मनापासून आवडलेलं. अडलं होतं फक्त गटारापाशी.

एमिल पोस्टातून निवृत्त झाला होता. सबंध नोकरी त्याने खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. पार्सलला चुकीची चिकटपट्टी लावून आणणाऱ्या कितीएक माणसांना त्याने अत्यंत नम्रपणे परत पाठवलं होतं, आणि नियम म्हणजे नियम हे वाक्य त्याच्याइतकं गोड कोणी बोलत नसे. त्यामुळे आपलं काम नियमात बसणारच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

शेजाऱ्यांना होती. समोरचा स्टश कॉफीचा मग घेऊन आला आणि पायरीवर बसला. स्टशने आयुष्यात घर विकलं नव्हतं, त्यामुळे त्याला या विषयातलं सगळं ठाऊक होतं.

“हे बघ, ते छपराच्या पन्हळीत हिरवा रंग ओततात,” तो म्हणाला. “तो रंग मैल्याच्या नळीत दिसला की तू मेलास. तू काय कर, आदल्या रात्री सगळे नळ सोडून ठेव.”

“त्याने काय होईल?”

“काही होणार नाही. पण माझ्या मेव्हण्याने सोडले होते.”

“मग तो पास झाला?”

“नाही. पण त्याची पद्धत चुकली.”

बर्नीने आपल्या परीने वेगळी व्यवस्था केली. घर लवकर विकलं जावं म्हणून संत जोसेफची बोटभर मूर्ती अंगणात डोकं खाली करून पुरायची, ही तिच्या आईची रीत. वाकता येत नव्हतं म्हणून तिने एमिलला कुंपणाशी खड्डा करायला लावला आणि स्वतः वरच्या पायरीवरून देखरेख केली. “उलटा पूर. सुलटा पुरलास तर बसेल निवांत,” ती म्हणाली. एमिलला यात नगरपालिकेचा संबंध दिसेना, पण त्याने संत उलटा पुरला.

तपासणीला आला तो ड्वाइट. नगरपालिकेचा परवाना असलेला प्लंबर, अंगाने दणकट, बोलायला अतिशय मऊ. त्याने शिडी लावली, पन्हळीत पुडीभर हिरवा रंग टाकला आणि वरून नळीने पाणी सोडलं. मग तो, एमिल आणि बोलावणं नसताना आलेला स्टश असे तिघे एमिलच्या तळघरात गेले. तिथे भिंत नाही, दार नाही, नुसता उघड्यावर एक कमोड आहे. कारखान्यातून काळाठिक्कर होऊन आलेल्या माणसाने आधी इथे बसायचं, धुवायचं आणि मगच वर यायचं, अशी जुन्या घरांतली सोय. तिघांनी त्याच्याभोवती उभं राहून आत नजर लावली. पाणी निर्मळ राहिलं. जरा वेळ गेला, तरी निर्मळच.

“अभिनंदन,” स्टश म्हणाला, आणि त्याच क्षणी शेजारच्या घरातून किंकाळी आली.

आता शेजारच्या घराबद्दल सांगितलं पाहिजे. तिथे स्कारपाची आडनावाची फिलोमीना राहायची. तिच्या नवऱ्याचं, नुंझिओचं आणि एमिलचं एका हिवाळ्यात फाटलं होतं. केटल हिलमध्ये ज्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली त्याची ती जागा. कामाला जाताना तिथे घरातली एक खुर्ची ठेवून जायची, की परत येईपर्यंत कोणी हात लावत नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. त्या दिवशी नुंझिओकडे न्यू जर्सीहून आलेल्या चुलतभावाने एमिलची खुर्ची बाजूला फेकून तिथे आपली गाडी लावली. खुर्चीचा पाय मोडला. भावाला रीत माहीत नव्हती म्हणून चूक त्याची नाही, असं नुंझिओचं म्हणणं. भाऊ ज्याचा चूक त्याची, असं एमिलचं. तेव्हापासून अबोला. पुढे नुंझिओ वारला. एमिल चर्चमध्ये अंत्यविधीला गेला, सगळ्यात मागच्या बाकावर बसला आणि खरोखर रडला. पण फिलोमीनाकडे नवऱ्याची पेन्शन आली तसा हा अबोलाही आला, आणि तिने दोन्ही नीट सांभाळले. बर्नीचं आणि तिचं मात्र चांगलं गूळपीठ होतं. कुंपणावरून भांडी यायची-जायची, रेसिप्या यायच्या-जायच्या. फक्त एमिल आणि फिलोमीना एकमेकांशी बोलत नसत, आणि बोलायचंच झालं तर बर्नीला मध्ये उभी करत.

किंकाळीपाठोपाठ फिलोमीना हातात पळी घेऊन कुंपणाशी आली. तळघरातल्या तिच्या दुसऱ्या चुलीवर टोमॅटोचा रस रटरटत होता, आणि जमिनीतल्या मोरीच्या जाळीतून हिरवंगार पाणी वर येऊन बरण्यांच्या रांगेपर्यंत पोचलं होतं.

“बर्नी! अगं बर्नी! तुझ्या नवऱ्याला विचार, काय सोडलंय त्याने माझ्या घरात!”

एमिल तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने वर पायरीवर बसलेल्या बर्नीकडे पाहिलं. “तिला सांग, मी काही सोडलेलं नाही. नगरपालिकेने सोडलंय.”

“नगरपालिकेला म्हणावं, माझे टोमॅटो!”

“ते विषारी नसतं, बाई,” ड्वाइट मऊ आवाजात म्हणाला.

“मग पी,” फिलोमीना म्हणाली आणि पळी त्याच्यापुढे धरली.

ड्वाइटने टोपी काढून डोकं खाजवलं. एमिलच्या पन्हळीत ओतलेला रंग फिलोमीनाच्या मोरीतून वर येतो याचा अर्थ एकच, तो म्हणाला. पन्हळ मैल्याच्या नळीत जाते, दोन्ही घरांची ती नळी पुढे एक होते, आणि एक झाल्यावर कुठेतरी तुंबलेली आहे. घरं बांधणाऱ्याने त्या काळी पैसे वाचवायला एकच चर खणला असणार.

एमिल कुंपणाला टेकला. इतकी वर्षं त्याने या घराशी कसलाही संबंध ठेवला नव्हता. नाताळात कार्ड पाठवलं नव्हतं, त्यांच्या अंजिराच्या झाडाचं पिकून इकडे पडलेलं एकही अंजीर खाल्लं नव्हतं. आणि जमिनीखाली त्याच्या आंघोळीचं आणि त्यांच्या आंघोळीचं पाणी रोज सकाळी एकत्र होऊन गुण्यागोविंदाने नदीकडे चाललं होतं.

पन्हळ मैल्याच्या नळीपासून तोडायची, हे पहिलं काम. त्यासाठी प्लंबर कशाला, असं एमिलला वाटलं. त्याने शनिवारी करवत घेऊन पन्हळीची नळी कापली, तिला वाकडं तोंड लावलं, चार पावलं मागे जाऊन काम न्याहाळलं आणि बर्नीला खिडकीत बोलावून दाखवलंही. रविवारी पाऊस आला. अख्ख्या छपराचं पाणी त्या वाकड्या तोंडातून निघालं, उताराने कुंपणाखालून गेलं आणि फिलोमीनाच्या तळघराच्या खिडकीतून आत उतरलं. या खेपेला ते हिरवं नव्हतं, एवढाच फरक.

“तुझ्या नवऱ्याला विचार,” फिलोमीना कुंपणापाशी येऊन म्हणाली, “त्याला माझ्याकडे अजून काय काय पाठवायचंय. म्हणजे मी जागा करून ठेवते.”

सोमवारी एमिल नगरपालिकेत गेला. खिडकीच्या आत लोरेटा नावाची बाई होती, चष्म्याला मण्यांची साखळी, चेहऱ्यावर नम्र हसू. ते हसू एमिलने ओळखलं. ते त्याचंच होतं.

“सामाईक नळी?” लोरेटाने नकाशा उघडला. “नाही, मिस्टर तिर्पाक. इथे तुमची नळी वेगळी आहे आणि त्यांची वेगळी.”

“पण माझं पाणी त्यांच्या तळघरात आलं.”

“नकाशाप्रमाणे ते येऊ शकत नाही.”

“हिरवं आलं, बाई. मी डोळ्यांनी पाहिलं.”

“तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही,” लोरेटा समजुतीने म्हणाली. “पण नळी सामाईक असेल तर दोन वेगळ्या नळ्या टाकाव्या लागतील, त्याला शेजाऱ्यांची लेखी संमती लागेल. आणि सामाईक नसेल तर मी संमती मागू शकत नाही. आधी ती सामाईक आहे हे कॅमेऱ्याने सिद्ध करा. नियम म्हणजे नियम.”

किती गोड म्हणाली! एमिल बाहेर येऊन बाकावर बसला. चुकीच्या चिकटपट्टीवाली सगळी माणसं त्याच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेली, आणि त्याला त्या सगळ्यांबद्दल एकदम माया वाटली.

कॅमेऱ्याच्या दिवशी आळी लोटली. लांबलचक केबलच्या टोकाला दिवा आणि बोराएवढा कॅमेरा. ड्वाइटने तो एमिलच्या तळघरातून नळीत सोडला आणि पडदा लोकांना दिसावा म्हणून अंगणातल्या टेबलावर ठेवला. लोकांना दिसावा अशी एमिलची मुळीच इच्छा नव्हती. कोणी डोनट घेऊन आलं, कोणी घडीच्या खुर्च्या आणल्या.

“सुरुवात चांगली आहे हं एमिल,” स्टश म्हणाला. “स्वच्छ आहे. मला वाटलं नव्हतं.”

“ते काय चिकटलंय?” मागून कोणीतरी विचारलं.

“तूप असेल. बर्नी परोगीच्या करंज्यांना तूप फार घालते.”

“लोणी,” वरच्या पायरीवरून बर्नी तुटकपणे म्हणाली. “तूप नाही घालत मी.”

एमिलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं; पण धरणीच्या पोटात काय आहे ते समोर पडद्यावरच दिसत होतं. थोडं पुढे गेल्यावर डावीकडून दुसरी नळी येऊन मिळाली. “आमची!” फिलोमीना कुंपणापलीकडून म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. आणखी पुढे गेलं आणि पडदा केसांनी भरून गेला. बारीक, पांढुरकी, दाट मुळं. फुटलेल्या खापरी नळीच्या सांध्यातून आत शिरून त्यांनी आतच संसार थाटला होता.

ड्वाइटने जमिनीवर यंत्र फिरवून खालच्या कॅमेऱ्याची जागा शोधली. यंत्र कुंपण ओलांडून फिलोमीनाच्या अंगणात गेलं आणि अंजिराच्या बुंध्याशी जाऊन ओरडायला लागलं. ड्वाइटने केबल मागे ओढली. ती येईना. जोराने ओढली, स्टशनेही हात लावला, तर केबल हातात आली आणि कॅमेरा खालीच राहिला.

“तो माझा नाही, कंपनीचा आहे,” ड्वाइट इतक्या हळू म्हणाला की एमिलला स्वतःचं दुःख क्षणभर विसरायला झालं.

त्यानंतर ड्वाइट दर आठवड्याला यायचा. इस्पितळात कोणी असावं तसा अंजिराजवळ उभा राहून विचारायचा, “काही कळलं का?” कळण्यासारखं काही नव्हतं. अंजीर काढल्याशिवाय नळी निघणार नाही, आणि अंजीर काढू देणार नाही असं फिलोमीनाने पहिल्याच दिवशी बर्नीच्या तोंडून एमिलला कळवलं होतं.

त्या झाडाबाबत तिला दोष देता येत नव्हता. नुंझिओच्या बापाने इटलीतल्या कालाब्रियाहून येताना कोटाच्या अस्तरात शिवून आणलेली ती फांदी. इथल्या थंडीत अंजीर जगत नाही. म्हणून नुंझिओ दर वर्षी पानं गळली की झाडाला जमिनीत निजवायचा. फांद्या दोरीने आवळायच्या, एका बाजूची मुळं फावड्याने तोडायची, मग सबंध झाड दुसऱ्या बाजूला कलतं करून चरात आडवं करायचं. वर फळ्या, पानं, जुना गालिचा, माती. वसंतात पुन्हा उभं करायचं. तो गेल्यापासून फिलोमीनाला एकटीला ते जमेना. ती झाडाला घोंगड्या गुंडाळायची आणि शेंड्यावर बादली पालथी घालायची. दर हिवाळ्यात झाड थोडं थोडं मरत होतं.

“तिला सांग, आपण नवं झाड आणून देऊ,” एमिल म्हणाला.

“मी नाही सांगणार,” बर्नी म्हणाली. “तुला लाज नसली तरी मला आहे.”

“मग काय करायचं? थँक्सगिव्हिंग आलं तोंडावर.”

“नाही विकायचं. इथेच राहू. माझं काय अडतंय?”

तिने ते इतक्या सहज म्हटलं की एमिलला खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानातून लवकर परत आला आणि रस्त्यावर गाडी लावून वर पाहतो तर बर्नी पायऱ्या उतरत होती. उतरत नव्हती, बसली होती. एका पायरीवर बसायची, दोन्ही हात टेकायची, खालच्या पायरीवर सरकायची, आणि मांडीवरची कचऱ्याची पिशवी पुढे ठेवायची. कोणी बघत नाही ना, म्हणून मध्येच मान वळवून पाहायची. एमिल गाडीत खाली वाकला, तिला दिसू नये म्हणून. ती पुन्हा वर जाईपर्यंत तो तसाच वाकून राहिला. त्याला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यापेक्षाही जास्त, भीती वाटली.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बराच वेळ उभा होता. या खिडकीतून अंजीर समोर दिसतं. पानं गळून गेली होती.

सकाळी तो दोरीचं भेंडोळं आणि फावडं घेऊन फाटकातून थेट फिलोमीनाच्या अंगणात शिरला. अबोला सुरू झाल्यापासून त्या अंगणात त्याचं पाऊल पडलं नव्हतं. एक अक्षर न बोलता त्याने फांद्या गोळा करून दोरी आवळायला सुरुवात केली. फिलोमीना लाटणं घेऊन धावत आली.

“बर्नी! तुझा नवरा माझ्या झाडाला फाशी देतोय!”

बर्नी पायरीवर आली. तिलाही काही माहीत नव्हतं. “एमिल, काय चाललंय?”

“तिला सांग,” एमिल दोरी ओढत म्हणाला, “झाड तोडायचं नाहीये. निजवायचंय. नाहीतरी आता निजायची वेळ झालीच आहे त्याची. नळी कुंपणाच्या बाजूने गेलीय, तर मुळं त्याच बाजूची तोडायची. झाड पलीकडे आडवं झालं की ही सगळी बाजू मोकळी. खाली काय खणायचं ते खणा, वर झाड झोपलेलं असेल. वसंतात उठवायचं.”

फिलोमीनाचं लाटणं खाली आलं. तिने दोरीची गाठ चाचपून पाहिली. मग बर्नीकडे वळली.

“त्याला सांग, दोरी खालून वर गुंडाळायची.”

“तिला सांग, खालून वर गुंडाळली तर वरच्या फांद्या मोडतात. नुंझिओ वरून खाली आणायचा. आणि शेवटची गाठ डाव्या हाताने मारायचा, शिव्या देत. मी दर वर्षी खिडकीतून बघायचो.”

“तू बघायचास?” फिलोमीना म्हणाली.

तिघंही दचकले. स्टश समोरच्या पायरीवर उठून उभा राहिला. फिलोमीना लालेलाल झाली, तिने लाटणं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि घाईघाईने बर्नीकडे तोंड फिरवलं.

“म्हणजे, त्याला विचार, तो बघायचा का?”

“तिला सांग, हो.”

“त्याला सांग, मग नीट कर.”

झाड निजवायला दुपार झाली. दोघांची वयं बघता स्टशला हाताशी घ्यावं लागलं, आणि त्याने अर्थातच आपल्या मेव्हण्याची पद्धत सांगितली. झाड जमिनीशी कलतं होत गेलं तेव्हा मुळं कडकड वाजली आणि फिलोमीनाने डोळे मिटून घेतले. आडवं झाल्यावर तिनेच घरातून गालिचा आणला. नुंझिओच्या वेळचा, कडेला जळलेला. एमिलने तो फांद्यांवर पसरला, कोपरे खोचले. संमतीच्या कागदावर तिने सही केली ती लाटण्यावर कागद ठेवून. खर्चाचं दोघांचं काय ठरलं ते बर्नीला माहीत. व्यवहार तिच्यामार्फतच झाला.

मग खोदाई. कुंपणाशी पहिल्याच फावड्याला संत जोसेफ वर आला, मातीने माखलेला, सुलटा. यावर सगळ्यांची बैठक बसली. विक्री व्हायच्या आधी संत बाहेर आला तर व्यवहार मोडतो, असं स्टश म्हणाला. बाहेर आला तर मोडत नाही, पण सुलटा आला तर मोडतो, अशी फिलोमीनाची बातमी. शेवटी त्याला धुऊन, उलटा करून बर्नीच्या डब्याएवढ्या कुंडीत पुरलं आणि काम पुढे सुरू झालं. फुटक्या नळीतून कॅमेरा निघाला तेव्हा ड्वाइटने तो शर्टाला पुसून कानाशी धरला. कशासाठी ते त्यालाच ठाऊक, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोन नव्या नळ्या पडल्या, एक एमिलची, एक फिलोमीनाची, आणि पन्हळीचं तोंडही कुंपणापासून दुसरीकडे वळलं. पुन्हा हिरवा रंग ओतला. एमिल स्वतःच्या तळघरात, ड्वाइट रस्त्यावरच्या झाकणाशी, फिलोमीना तिच्या मोरीवर खुर्ची टाकून. रंग अंगणात गवतावर सांडला आणि तिथेच जिरला. “काही नाही!” फिलोमीना तळघरातून ओरडली. “त्याला सांग, काही नाही!”

लोरेटाने ड्वाइटचा अहवाल वाचला, नकाशा उघडला, त्यावर बोट फिरवलं. “तुमची वेगळी, त्यांची वेगळी,” ती म्हणाली. “बघा, मी म्हटलंच होतं. आमच्या नकाशात काही चूक नव्हती.” तिने शिक्का मारला. एमिलच्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं, पण शाई ओली होती, आणि ओल्या शिक्क्यापुढे बोलू नये एवढं त्याला नोकरीने शिकवलं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या सोमवारी सामानाची गाडी आली. बर्नीला खुर्चीवर बसवून स्टश आणि जावयाने पायऱ्यांवरून खाली आणलं. ती हात हलवत राणीसारखी उतरली आणि वाटेत दोघांना सावकाश चालायला सांगत होती. तिला एमिलच्या गाडीत बसवल्यावर फिलोमीना खाली आली. हातात सॉसच्या बरण्या होत्या. बरण्या तिने खिडकीतून बर्नीच्या मांडीवर ठेवल्या. मग तिथेच उभी राहिली. तिचं नाक लाल झालं होतं.

“तू जातेस त्याचं मला वाईट वाटतंच,” ती बर्नीला म्हणाली. “पण तुझ्याशी मी फोनवर बोलेन. याला विचार, आता मी अबोला कुणाशी धरायचा? नवीन लोक चांगले आहेत. आल्या आल्या नमस्कार करतात.”

एमिलने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. समोर काचेतून बघतच तो शेवटी म्हणाला, “तिला सांग, रविवारी फोन करत जा म्हणावं. मी उचलणार नाही.”

“ऐकलं मी,” फिलोमीना बर्नीला म्हणाली.

नव्या जागेतल्या पहिल्या रविवारी जेवणं झाल्यावर फोन वाजला. एमिलच्या कोपराशीच होता. त्याने वर्तमानपत्र जरा उंच धरलं. बर्नी स्वयंपाकघरातून निघाली आणि कशालाही न धरता, हात पुसत, सपाट जमिनीवरून चालत आली. एमिलने वर्तमानपत्राच्या कडेवरून तिचं ते चालणं पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत पाहिलं.

“फिलोमीना आहे,” बर्नी म्हणाली. “तू घरी आहेस का, विचारतेय.”

“तिला सांग, नाहीये.”

“नाहीये म्हणतोय,” बर्नीने फोनमध्ये सांगितलं. मग तिने थोडा वेळ ऐकलं आणि एमिलकडे वळली. “ती म्हणतेय, बरं झालं. पुढच्या रविवारीही नसू दे.”